अपघात, तकदीर आणि दोन महिन्यांचे रोजे

गेल्या हिवाळ्यात इशाच्या नमाजनंतर एक तरुण टेम्पोचालक मशिदीत मागे रेंगाळला. सारे गेल्यावर म्हणाला, "मौलाना, माझ्या हातून एक माणूस गेला." रात्रीची वेळ, वळण, भरधाव वेग आणि सायकलवरून घरी परतणारा एक वृद्ध शेतकरी. विमा कंपनीने भरपाई दिली होती. 'त्याची वेळच भरली होती,' अशी समजूत नातलग घालीत होते. त्याचे विचारणे एवढेच होते की, मग मला झोप का लागत नाही?

मृत्यूची घटिका अल्लाहने निश्चित केली आहे, ही आपली श्रद्धा आहे. मृताच्या घरच्यांनी या श्रद्धेचा आधार घेतला, तर तो सब्र होय. चालकानेच तिचा आसरा घेतला, तर मात्र ती पळवाट ठरते. सूरह निसाच्या ९२व्या आयतीत चुकून घडलेल्या मनुष्यवधाचा विचार आहे. तेथे वारसांना रक्तमूल्य (दियत) देणे सांगितले आहे. वारस ते माफ करू शकतात. त्याखेरीज गुलाम मुक्त करणे आणि ते शक्य नसल्यास सलग दोन महिने रोजे ठेवणे हे प्रायश्चित्त (कफ्फारा) सांगितले आहे. चूक जर निव्वळ तकदीर असती, तर प्रायश्चित्त कशाचे?

बाराव्या शतकातील इमाम मरगीनानी यांनी 'हिदाया' या ग्रंथात हीच गाठ सोडविली आहे. चुकून मारणाऱ्यावर खुनाचे पाप नाही. पण पुरेशी सावधगिरी न बाळगल्याचा दोष त्याच्यावर उरतोच, आणि कफ्फारा याच दोषाची खूण आहे, असे ते म्हणतात. त्याच ग्रंथात स्वारांविषयीचे प्रकरण आहे. सार्वजनिक रस्त्यावरून जाणे सर्वांना मुभा आहे, परंतु इतरांच्या सुरक्षिततेच्या अटीवर. घोड्याच्या पायाखाली कोणी तुडविला गेला, तर स्वार जबाबदार. चालता चालता जनावराने मागची लाथ झाडली, तर हनफी मते तो जबाबदार नाही, कारण ती टाळणे त्याच्या हाती नाही. पण त्याने जनावर रस्त्यातच उभे केले असेल, तर त्या लाथेचीही जबाबदारी त्याच्यावर येते. महामार्गावर दिवे न लावता ट्रक उभा करणाऱ्यांनी हे वाचावे! कोकणातील आपल्या शाफई बंधूंचा मजहब तर याहून कडक आहे.

१९९३ साली ब्रुनेई येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने शरीअतशी विसंगत नसलेल्या वाहतूक नियमांचे पालन अनिवार्य ठरविले. आपल्याकडे मात्र हेल्मेट केवळ पोलिसांसाठी असते, आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती मोटारसायकल देणारा बाप जुमाच्या पहिल्या सफमध्ये बसलेला असतो.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग होता. यातील प्रत्येक घराचा हिशेब कोण मांडणार? दवाखान्याचे कर्ज, विकलेली जमीन, मुलीचे सुटलेले शिक्षण. विम्याची रक्कम यातले काही भरून काढते. दियतही फिक्हनुसार चालकाच्या आप्तसमूहाने मिळून द्यावयाची असते. कफ्फारा मात्र ज्याच्या हातून जीव गेला, त्याच्याच अंगावर राहतो. तेथे कोणी भागीदार नाही.

हे सारे ऐकून त्या तरुणाने जरा चाचरतच विचारले, "ते बाबा मुसलमान नव्हते, तरीही?"

मी त्याला तीच आयत पुन्हा दाखविली. ज्यांच्याशी शांततेचा करार आहे, त्या समाजातील माणसासाठीही तेथे दियत आणि कफ्फारा दोन्ही सांगितले आहेत. आपण सारे एका राज्यघटनेच्या कराराखाली एकत्र राहतो. तो बराच वेळ गप्प होता. मग रोजे कधी सुरू करू, असे विचारू लागला. मधे रमजान, ईद किंवा तश्रीकचे दिवस येता कामा नयेत आणि एकही रोजा सुटता कामा नये, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून, असे मी सांगितले. "लांबच्या ट्रिपा बंद ठेवाव्या लागतील," तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्याने मोबाइलमध्ये चंद्रमासाच्या तारखा पाहण्यास सुरुवात केली.

त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊ का, हेही त्याने विचारले. मी म्हटले, जा. पण माफी मागायला जाताना टेम्पो घेऊन जाऊ नकोस.