मूल कोणासाठी?



आखातात किंवा कॅनडात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली आपली काही जोडपी मूल दत्तक घेण्याचा विचार करीत असतात. कागदपत्रांची यादी आणि लागणारा काळ ऐकला की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: आश्रमात मुले आहेत, आमच्याकडे घर आहे, मग कायदा मध्ये आडवा का येतो? प्रश्न रास्त आहे. ज्या घरात दहा वर्षे पाळणा हललेला नाही, तिथे एकेक महिना किती लांब असतो हे मला ठाऊक आहे. तरीही त्याचे उत्तर शांतपणे समजून घ्यायला हवे.

१९८२ साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. भारतीय मुले परदेशी दत्तक देणाऱ्या संस्थांच्या गैरव्यवहाराबद्दल त्यांची तक्रार होती. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि १९८४ मध्ये न्या. भगवती यांनी निकालात नियम घालून दिले. आधी देशातच घर शोधा, नंतर परदेशाचा विचार करा, हे तत्त्व तिथून पक्के झाले. १९९३ च्या हेग कराराने तेच तत्त्व जगासाठी मांडले आणि २००३ मध्ये भारताने तो करार स्वीकारला.

नियम नसले तर काय होते हे आता उघड झाले आहे. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये सांगितले की परदेशी पाठवलेल्या मुलांपैकी काहींचे आईवडील जिवंत असताना कागदावर ती अनाथ दाखवली गेली होती. आपण दुसऱ्यांकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. आयर्लंडमध्ये आपल्याच धर्मभगिनी चालवीत असलेल्या आश्रमांतून अविवाहित मातांची मुले अमेरिकेत धाडली गेली. मुलाचे भले करतो आहोत असाच त्या भगिनींचा समज असणार. पण आईला खरोखर कोणी विचारले होते का?

आजच्या प्रक्रियेतले पहिले थांबणे या आईसाठी आहे. जन्मापूर्वी घेतलेली तिची संमती चालत नाही, पैसे देऊन घेतलेली तर नाहीच. बाल कल्याण समितीपुढे मूल स्वाधीन केल्यावरही फेरविचारासाठी दोन महिने दिले जातात. टाकून दिलेले मूल सापडले तर त्याच्या माणसांचा शोध घ्यावा लागतो. त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिने आणि त्यापुढच्या वयाच्या मुलाला चार महिने अशी मुदत आहे. त्यानंतरच ते दत्तकासाठी मोकळे ठरते.

परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांना कायदा इथल्या जोडप्यांच्याच रांगेत उभे करतो. मोकळे ठरल्यापासून साठ दिवसांत भारतीय कुटुंब मिळाले नाही, तर मूल परदेशी नागरिकांना देता येते. जोडप्याने निदान दोन वर्षे स्थिर संसार केलेला असावा, मूल आणि आईवडील यांच्या वयात पंचवीस वर्षांचे अंतर असावे आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक देऊ नये, हेही नियम आहेत. दोन मुले असलेल्यांना फक्त विशेष गरजांची किंवा ज्यांना घर मिळणे अवघड जाते अशीच मुले मिळू शकतात. जिथे राहता त्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत गृहभेटीचा अहवाल तयार होतो. तशी संस्था नसेल तर भारतीय दूतावासाकडे जावे लागते. मूल तिकडे पोहोचल्यावरही दोन वर्षे त्याची खबर घेतली जाते: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी.

जुन्या मंडळींना आठवत असेल, आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना पूर्वी दत्तकच घेता येत नव्हते. १८९० च्या कायद्याखाली फक्त पालक होता येई. ज्याला मुलगा म्हणून वाढवले तो कायद्याच्या लेखी पाल्यच राही. बाल न्याय कायद्याने, विशेषतः २००६ च्या दुरुस्तीनंतर, सर्व धर्मीयांना हा दरवाजा उघडला. इतक्या उशिरा मिळालेला हा हक्क आडवाटेने वापरणे मला खटकते. "हॉस्पिटलमध्ये एक बाळ आहे, परस्पर घेता येईल का?" असे कुणी सुचवले तर तिथून उठून यावे. मुलाची खरेदी-विक्री हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे आणि हॉस्पिटलच्या माणसाने केला तर शिक्षा आणखी जास्त. भावाबहिणीचे मूल दत्तक घेऊन परदेशी नेण्यासाठी कायद्यात वेगळी वाट आहे. मात्र व्हिसा मिळावा म्हणून भाच्याला मुलगा करणे याला मी दत्तक म्हणणार नाही.

आता मूळ मुद्दा. मूल हा कुणाचा हक्क आहे का? ख्रिस्तसभेची धर्मशिकवण नाही म्हणते. मूल ही देणगी आहे, येणे नव्हे. हे वाक्य आपण बहुधा कृत्रिम गर्भधारणेच्या चर्चेत ऐकतो, पण दत्तकालाही ते तितकेच लागू आहे. निपुत्रिक जोडप्याचे दुःख मोठे आहे, परंतु ते दूर करण्याचे काम एखाद्या मुलावर सोपवता येत नाही. ज्या व्यवहारात एक बाजू बोलू शकत नाही, तिथे तिच्या वतीने कुणीतरी हळू चालावे लागते.

अर्जात एक रकाना असतो. मुलगा हवा की मुलगी, कोणत्या वयाचे हवे, सर्वसाधारण की विशेष गरजांचे. पोटच्या मुलाच्या बाबतीत हा रकाना कुणालाच मिळत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी दैवी आणि मानवी दत्तकात एक फरक दाखवला आहे. माणूस जो आधीच योग्य वाटतो त्याला निवडतो, देव ज्याला आपला म्हणतो त्याला आपल्या कृपेने योग्य करतो. सेमिनरीत हे वाचताना मला ते केवळ तर्कशास्त्र वाटले होते. आज तो रकाना पाहिला की त्यात बरेच काही दिसते.

रकाना भरणाऱ्यांना मी दोष देत नाही. रोज दवाखान्यात न्यावे लागणारे मूल आपल्याला झेपणार नाही, असे प्रामाणिकपणे सांगणारे जोडपे त्या मुलावर अन्याय करीत नाही. आपली शक्ती ओळखणे हाही विवेक आहे. पण झेपत नाही आणि आवडत नाही यांत फरक आहे. सावळा रंग किंवा सहा वर्षांचे वय ही न झेपणारी गोष्ट नव्हे. कायदा सांगतो की अपंग मुले, एकत्र ठेवायची भावंडे आणि पाच वर्षांवरील मुले यांना परदेशी दत्तकात प्राधान्य द्यावे. या ओळीचा अर्थ नीट वाचा. ज्यांच्यासमोर इथे दारे बंद होतात, ती मुले विमानात बसतात. त्यांना घर मिळते याचा आनंद आहेच. पण आपली मुले परके नेतात अशी हळहळ ऐकली की मला विचारावेसे वाटते, तो रकाना कुणी भरला होता?

गेलेल्या मुलाला दोन घरे असतात, हे नवीन आईवडिलांनी मनापासून मान्य करावे लागते. मोशेला फारोच्या मुलीने मुलगा मानले, नावही तिनेच ठेवले. तरी मोठा झाल्यावर तो आपल्या भाऊबंदांकडे गेलाच. यात तिचे प्रेम कमी पडले असे बायबल कुठेही म्हणत नाही. म्हणून मुलाला दत्तकाची गोष्ट लहानपणापासून सांगावी, शेजाऱ्याच्या तोंडून कळण्याची वेळ येऊ देऊ नये. नागरी कायद्याने दत्तक घेतलेले मूल ख्रिस्तसभेच्या कायद्यातही त्या जोडप्याचेच मूल असते. घरात "खरे" आणि "आणलेले" असा भेद करायला कुणालाही जागा नाही.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ते मूल आपल्या मुळाच्या शोधासाठी स्वतः अर्ज करू शकते. जन्मदात्या आईने ओळख गुप्त ठेवण्याची विनंती केली असेल, तर आधी तिला विचारले जाते.