काही झालं नाही म्हणजे काय?

आपल्याकडे सुरक्षेबद्दलचा कुठलाही वाद जिंकायला एक वाक्य पुरतं. "इतकी वर्षं काही झालं का?" हेल्मेट, गॅसची नळी, गच्चीचा कठडा, जुना जिना, कशालाही हे वाक्य चालतं. समोरच्याकडे उत्तर नसतं, कारण खरंच काही झालेलं नसतं. शिवाय वीस-तीस वर्षांचा अनुभव म्हणजे काही थोडाथोडका पुरावा नाही, असं आपल्यालाही वाटतं. मला मात्र या वाक्याची आता भीती वाटते. तिचं कारण आमच्या घराच्या भिंतींत सापडलं.

आमचं घर सांगलीत आहे. आजोबांनी १९९१ साली बांधलेलं. वर-खाली मिळून पाच खोल्या, आणि मागच्या बाजूला वेगळ्या दाराची एक खोली. तिथे इंजिनिअरिंगला शिकणारी दोन मुलं भाड्यानं राहतात. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. या उन्हाळ्यात आईबाबांनी सगळं वायरिंग बदलायला काढलं, तेव्हा वर्क फ्रॉम होम घेऊन मी पंधरा दिवस घरी आले.

राहत्या घरात वायरिंगचं काम काढणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. ग्राइंडरनं भिंतीत झिऱ्या पाडतात, तेव्हा उडणारी धूळ बंद कपाटातल्या तांदळाच्या डब्यापर्यंत पोचते. दिवसा मेन स्विच बंद. म्हणजे पंखा नाही, फ्रिज नाही, वाय-फाय नाही आणि मोटार नाही म्हणून वरच्या टाकीत पाणी नाही. आई पोर्चमध्ये शेगडी मांडून स्वयंपाक करत होती. मी शेजारच्या काकूंच्या डायनिंग टेबलवर बसून मीटिंगा करत होते. देव्हारासुद्धा चादरीखाली झाकलेला. आणि एवढं सगळं करून शेवटी मिळणार काय? बटण दाबल्यावर दिवा लागणार. तो आधीही लागतच होता.

काम सुरू करण्याआधी वायरमनकाकांनी सगळ्या बोर्डांवर टेस्टलॅम्प लावून बघितला. टेस्टलॅम्प म्हणजे होल्डरमधला साधा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी. फेज आणि न्यूट्रलमध्ये वायरी घातल्या की बल्ब लागतो. फेज आणि वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे अर्थिंगमध्ये घातल्या तरी लागायला हवा. आमच्या वरच्या मजल्यावर तो लागलाच नाही. थ्री-पिन सॉकेट होतं, त्याला तिसरं भोक होतं, पण भोकामागे वायरच नव्हती.

मागच्या खोलीत बल्ब लागला. बाबा खूश झाले. काकांनी मात्र बोर्ड उघडला आणि आम्हाला दाखवला. अर्थिंगच्या पिनला वायरीचा एक छोटा तुकडा होता, आणि तो शेजारच्या न्यूट्रलला जोडलेला होता. बस्स. जमिनीत जाणारी वायर इथेही नव्हतीच. अशा जोडणीत टेस्टलॅम्प लागतो, सगळं ठीक दिसतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर चालू असलेल्या गीझरमधून करंट त्या तुकड्यावाटे गीझरच्या धातूच्या अंगावर येतो. जी तार माणसाला वाचवण्यासाठी असायला हवी, तीच त्याला शॉक द्यायला तयार.

हे कधी झालं, माहीत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. आमचा खालचा मजला पाण्यात होता आणि नंतर मागच्या खोलीतले बोर्ड बदलले होते. त्या वेळी अख्ख्या सांगलीला एकदमच वायरमन हवा होता. कदाचित तेव्हाच्या घाईत झालं असेल, कदाचित पहिल्यापासून तसंच असेल. गिट ब्लेम चालवून कुठली ओळ कुणी लिहिली हे मला ऑफिसात दहा सेकंदांत कळतं. भिंतीला ती सोय नाही. प्लास्टर झालं की चांगलं काम आणि वाईट काम सारखंच दिसतं.

आता त्या वाक्याकडे वळू. अर्थिंगची वायर रोजच्या वापरात काहीच करत नाही. उपकरणात बिघाड झाला, तरच तिचं काम सुरू होतं. म्हणजे आमच्या घरात गेली तीसहून जास्त वर्षं काही झालं नाही, याचा अर्थ अर्थिंग चांगलं होतं असा नाही. या वर्षांत त्याची परीक्षाच झाली नाही, एवढाच. प्रोग्रॅममध्ये एरर आली तरच चालणारा भाग असतो. वर्षभर एरर आली नाही, म्हणून तो भाग बरोबर लिहिलाय असं कोणी म्हणालं तर आम्ही हसतो. घरात आपण रोज हेच म्हणतो.

पण मला यापेक्षा अवघड प्रश्न पडला तो दोषाचा. ज्यानं तो तुकडा जोडला, तो किती दोषी? खरं तर कुणालाच काही झालं नाही. असंच काम दुसऱ्या कुठल्या घरात त्यानं किंवा दुसऱ्या कुणी केलं असेल, आणि तिथे न्यूट्रल तुटला असेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अलीकडच्या वर्षांतले अहवाल पाहिले, तर देशात विजेचा धक्का बसून वर्षाला दहा हजारांहून जास्त माणसं जातात. हात तोच, काम तेच. एका घरात भिंत फोडेपर्यंत कोणाला पत्ता नाही आणि दुसऱ्या घरात मरण. मग एक जण निर्दोष आणि दुसरा गुन्हेगार?

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६ साली हाच प्रश्न मांडला आणि त्याला नैतिक नशीब असं नाव पडलं. नेगेलचं उदाहरण ट्रक ड्रायव्हरचं आहे. ब्रेक तपासून घेण्यात हयगय केलेले दोन ड्रायव्हर समजा. एकाच्या वाटेत मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. दोघांची हयगय एकच, पण पहिल्याला आपण, आणि तो स्वतःही, आयुष्यभर माफ करत नाही. आपण माणसाला त्याच्या हातात असलेल्या गोष्टींवरून तोलतो असं म्हणतो, आणि प्रत्यक्षात त्याच्या हातात नसलेल्या गोष्टींवरून तोलतो.

मी यावर दोन दिवस चिडून विचार करत होते, तेव्हा बाबांनी सहज सांगितलं की घर बांधताना पैसे संपत आले होते. अर्थिंगसाठी खड्डा खणून त्यात मीठ-कोळसा भरायचा, तांब्याची पट्टी पुरायची, हा खर्च आजोबांनीच पुढे ढकलला होता. "नंतर बघू" म्हणाले होते. म्हणजे मी ज्या अनोळखी वायरमनवर चिडले होते, त्याच्या शेजारी माझे आजोबाही उभे होते. आणि वायरमनला तरी काय मिळत होतं? या कामात मजुरी साधारण पॉइंटमागे ठरते. आमच्याकडेही तशीच ठरली. दिवा लागला, पंखा फिरला की पॉइंट मोजला जातो. अर्थिंगची वायर नीट ओढली की नाही, हे कोणी मोजत नाही. ज्या कामाचे पैसेही मिळत नाहीत आणि जे दिसतही नाही, ते नीट करायचं तर केवळ स्वतःच्या मनाला धरून करायचं. ते करणारे लोक असतात. पण सगळ्यांनी तसं असावं या भरवशावर घर बांधता येत नाही.

म्हणून मी दोष कुणाचा हा प्रश्न सोडून दिला. त्याची जागा दुसऱ्या प्रश्नानं घेतली, कारण तो आमच्यासमोरच उभा होता. सगळ्या घराचा अंदाज एक लाख चाळीस हजारांचा आला. हातात होते एक लाख दहा. बाबा म्हणाले, राहत्या घराचं आता पूर्ण करून घेऊ, मागच्या खोलीचं दिवाळीनंतर बघू. इतकी वर्षं काही झालं नाही.

बाबा वाईट माणूस नाहीत. महिनाअखेरीस भाडं उशिरा आलं तर विचारतही नाहीत. त्यांचं म्हणणं असं होतं, की धोका सगळीकडे होता, तो आपण टप्प्याटप्प्यानं कमी करतोय, यात अन्याय कुठे आहे? आणि हे काही चूक नाही. पैसे मर्यादित असताना काहीतरी मागे राहणारच.

पण टेस्टलॅम्प लावण्याच्या आधी आणि नंतर एक गोष्ट बदलली होती. भिंतीतली वायर तीच होती, धोका तेवढाच होता, तरी आता आम्हाला माहीत होतं. आदल्या दिवशी गीझरमुळे त्या मुलांना काही झालं असतं, तर तो अपघात होता. दुसऱ्या दिवशी झालं असतं, तर त्याला अपघात म्हणायची सोय आम्हाला उरली नव्हती. यावर कोणी म्हणेल, मग बोर्ड उघडायलाच नको. पुष्कळ लोक नेमकं हेच करतात. आरसीसीबी बसवला की तो सारखा पडतो, म्हणून लोक गळती शोधण्याऐवजी आरसीसीबीच काढून टाकतात. पण बघायचं नाही असं ठरवणाऱ्याला निदान इतकं माहीत असतंच, की बघितलं तर काहीतरी सापडेल. तेवढ्या माहितीची जबाबदारी त्याच्यावर राहतेच.

मुलांना सांगून टाकू आणि ठरवू दे त्यांनाच, असंही मी एकदा म्हणाले. मग मला चार्ल्स डाल्झील आठवले. बर्कलीतले हे प्राध्यापक. हातात धरलेली तार माणसाला किती करंटपर्यंत सोडता येते, हे त्यांनी स्वयंसेवकांवर मोजलं. पुरुषांची सरासरी आली सुमारे १६ मिलिअँपिअर. पुढे १९६१ साली त्यांनी करंटची गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण बनवलं. आपल्या घरातला आरसीसीबी त्याच जातीचा. तो ३० मिलिअँपिअरची गळती झाली की ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडतो. २३० व्होल्टला ३० मिलिअँपिअर म्हणजे जेमतेम सात वॅट. जुन्या झिरोच्या बल्बलाही यापेक्षा जास्त लागायचे. माणसाचा जीव जायला इतकं थोडं पुरतं, हे आपल्याला कळलं त्यात त्या स्वयंसेवकांनी सोसलेल्या शॉकचा वाटा आहे. त्यांना काय होणार ते माहीत होतं, आणि त्यांना नाही म्हणता येत होतं.

आमच्या मुलांना सांगितलं असतं, तरी दुसरी अट पूर्ण होत नव्हती. परीक्षा तोंडावर, गावात त्या भाड्यात दुसरी खोली मिळणं कठीण. ती म्हणाली असती, "चालेल काका." त्या होकाराला मी होकार म्हणणार नाही. स्वतःच्या घरात हेल्मेट न घालणारा माणूस स्वतःचा जीव पणाला लावतो. भाडं घेणारा माणूस दुसऱ्याच्या जिवावर "नंतर बघू" म्हणत असतो. वाक्य एकच आहे, पण दुसऱ्याच्या जिवाबद्दल ते म्हणायचा हक्क आपल्याला नाही.

आई म्हणाली, "आपली पोरं तिथे राहत असती तर?" बाबांना ते पटलं. मला ते पूर्ण पटलं नाही, कारण ती आपली नाहीत म्हणूनच तर प्रश्न आहे. आपल्यांसाठी काय करायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण काम आईच्याच वाक्यानं झालं, आणि काम होणं जास्त महत्त्वाचं होतं.

मागची खोली आधी झाली. अंगणात खड्डा खणून अर्थिंग केलं, आरसीसीबी बसवला. पैसे वाचवायला वरच्या हॉलमध्ये झिऱ्या न पाडता भिंतीवरून प्लास्टिकची पट्टी नेली. बाबांना ती अजून खटकते. पाहुणे आले की नजर तिकडेच जाते म्हणतात. मला ती आवडते. तिच्या आत काय आहे, ते दोन मिनिटांत उघडून बघता येतं. बाकीच्या भिंतींचे काकांनी प्लास्टरच्या आधी मेजरिंग टेप धरून फोटो काढून दिले. कोणती वायर कुठून गेलीय, हे पुढच्या माणसाला कळेल.

आमच्या दोन मुलांना तीन दिवस लाईट नव्हती, त्याबद्दल त्यांनी भाड्यात सवलत मागितली. बाबांनी दिली. मग स्वतःहून बोर्डातला तो वायरीचा तुकडा त्यांना दाखवला आणि काय होतं ते सांगितलं. एकानं विचारलं, "म्हणजे काका, इतके दिवस डेंजर होतं?" बाबा क्षणभर थांबले. "हो," म्हणाले. पुढे सारवासारव केली नाही.

आरसीसीबीवर टेस्टचं एक छोटं बटण असतं. ते मधूनमधून दाबून बघायचं असतं. दाबलं की खटकन वीज जाते, आणि गेली म्हणजे तो जिवंत आहे. आई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दाबते. बाबा टीव्ही बघत असले तर वैतागतात. तुमच्या घरात ते बटण आहे का, आणि ते शेवटचं कधी दाबलं, हे आज बघा. भाड्याच्या घरात राहत असाल तर मालकाला विचारा. तो "काही होत नाही" म्हणाला, तर कधी तपासलं होतं तेही विचारा.