आडवा हात, मोकळा हात

गिरणगावातल्या एका चाळीत तळमजल्यावर एक मास्तर राहत. उभा जन्म त्यांनी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवले होते. आता वय झालं होतं. संध्याकाळी ते मुलांना शिकवत. खोली लहान होती, ड्रमसेट एकच होता. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ड्रमवर जुन्या चादरींच्या घड्या टाकलेल्या असत.

त्यांच्याकडे दोन शिष्य होते. थोरला बरीच वर्षं शिकत होता आणि त्याचा हात स्वच्छ होता. धाकटा नवा होता, डावखुरा होता.

सेटची मांडणी सगळीकडे असते तशीच होती. उजव्या पायाखाली बेस ड्रमचं पेडल, दोन गुडघ्यांच्या मध्ये स्नेअर ड्रम, समोर टॉम नावाचे ड्रम, उजवीकडे मोठी राइड झांज. डावीकडे हायहॅट, म्हणजे एकीवर एक बसवलेल्या दोन झांजा, डाव्या पायाने मिटायच्या आणि उघडायच्या. थोरला रीतीप्रमाणे वाजवी. उजवा हात डाव्यावरून आडवा नेऊन तो हायहॅटवर चाल धरी, आणि त्याच्याखालून डाव्या हाताने स्नेअरवर ठोका देई.

धाकटा पहिल्यांदा सेटवर बसला. त्याचा डावा हात आपोआप डावीकडच्या हायहॅटवर गेला आणि उजवा स्नेअरवर. हात आडवे गेलेच नाहीत.

"हात उलटे पडतायत तुझे," थोरला म्हणाला. "हायहॅट उजव्या हाताने वाजवायची."

"का, दादा?"

थोरला थोडा थांबला. "सगळे तशीच वाजवतात."

"पण माझा डावा हात तिच्या शेजारीच आहे. उजवा लांबून कशाला आणू?"

थोरल्याला उत्तर सुचलं नाही. त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर उठले, त्यांनी हायहॅटच्या स्टँडचा स्क्रू सैल केला आणि झांजा जातील तितक्या खाली नेल्या. मग ते थोरल्याला म्हणाले, "आता वाजव."

थोरला वाकला. काठी नीट पोचेना.

"हाताने नको. पायाने वाजव."

थोरल्याने डावा पाय दाबला. झांजा एकमेकींवर आपटून चक् असा आवाज आला.

"आधी ही एवढीच होती," मास्तर सांगू लागले. "अमेरिकेत १९०९ च्या सुमारास लुडविग यांचं बेस ड्रमचं पेडल आलं आणि एकट्या माणसाला बसून सगळे ड्रम वाजवणं सोपं झालं. पेडल उजव्या पायाकडे गेलं. डावा पाय रिकामा राहिला. १९२० च्या दशकात त्याच्यासाठी दोन झांजा आल्या, याच्याहीपेक्षा खाली, घोट्याच्या जरा वर. त्या पायानेच वाजवायच्या होत्या."

बोलता बोलता ते दांडी वर सरकवत होते. झांजा गुडघ्याच्या वर आल्या, मग स्नेअरच्याही वर आल्या. थोरल्याचा उजवा हात न सांगता उठला आणि डाव्यावरून आडवा जाऊन झांजेवर टेकला.

"बघ," मास्तर म्हणाले. "तेव्हाही असंच झालं. दांडी उंच झाली, झांज काठीच्या टप्प्यात आली. बहुतेक वाजवणारे उजवे. चाल धरायची सवय उजव्या हाताला. झांज डावीकडे होती, म्हणून तो डावीकडे गेला. तसा कायदा कुणी केला नव्हता."

धाकटा खूश झाला. "म्हणजे माझंच बरोबर!"

"ड्रमर बिली कॉबम हात आडवे न नेताच वाजवतो," मास्तर म्हणाले. "१९७१ साली महाविष्णू ऑर्केस्ट्राची पहिली तबकडी निघाली, तिच्यावर तोच वाजवतो. रिंगो स्टार डावखुरा, पण बीटल्समध्ये तो उजव्यांच्या मांडणीवर बसला. दोघांनीही जग गाजवलं. तू बरोबर आहेस की नाही, ते महिन्याने बघू. महिनाभर तू हात आडवे घालून वाजव. आणि थोरल्या, तू मोकळ्या हातांनी."

दोघांनाही ते आवडलं नाही, पण मास्तरांचा शब्द होता.

थोरल्याची पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. त्याच्या डाव्या हाताने इतकी वर्षं मोजके ठोके दिले होते. सलग चाल धरायची वेळ आली तेव्हा तो अडखळू लागला, दमू लागला. धाकट्याची अडचण वेगळी होती. डावी काठी उंच उचलली की ती उजव्या मनगटाला लागे. त्याचा उजवा हात चाल धरताना मागे पडे. दोघं रोज घाम पुसत घरी जात.

हळूहळू हात वळले. मग थोरल्याच्या लक्षात आलं की डावा हात हायहॅटवर असला की उजवा पूर्ण मोकळा राहतो, चाल न मोडता टॉमवर फिरतो. धाकट्यालाही एक गोष्ट कळली. मुखड्याला हायहॅट आणि अंतऱ्याला राइड असं गाणं असलं, की उजव्या हाताने चाल धरणारा नुसता हात सरकवतो. त्याला स्वतःला मात्र तिथे दोन्ही हातांची कामं बदलावी लागत होती, आणि त्या बदलात ठेका हलत होता.

गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम ठरला. मंचावर सेट एकच होता आणि मांडणी हलवायला वेळ नव्हता. कोळीगीताला थोरला बसला. त्याने डाव्या हाताने हायहॅटवर चाल धरली आणि उजवा टॉमवर मोकळा सोडला. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. पुढच्या संथ चित्रपटगीताला धाकटा बसला. त्याने उजवा हात आडवा नेला, आणि अंतरा आला तसा तो अलगद राइडवर सरकवला. ठेका जराही हलला नाही. शेवटच्या धावत्या गाण्याला तो पुन्हा आपल्या मोकळ्या हातांनी वाजवू लागला.

खाली उतरल्यावर थोरल्याने विचारलं, "मास्तर, मग खरी रीत कुठली?"

"जी कशासाठी आहे हे तुला सांगता येतं, ती," मास्तर म्हणाले.

आपण कितीतरी गोष्टी थोरल्यासारख्या करतो, कारण सगळे तशाच करतात. कितीतरी गोष्टी धाकट्यासारख्या झटकून टाकतो, कारण त्या आपल्या आड येतात. दोन्हींत विचार थांबलेला असतो. रीत एखाद्या गरजेतून जन्माला येते. ती गरज कधी संपलेली असते, तर कधी आपल्याला न दिसताही शिल्लक असते. म्हणून रीत पाळायची असो की सोडायची, आधी तिचं कारण विचारा, आणि थोडे दिवस दुसऱ्याच्या हातांनी वाजवून पाहा. मग जे निवडाल ते तुमचं स्वतःचं असेल.