शोमरोन्याचे दुसरे वचन

नांदेड जिल्ह्यातील माहूर म्हणजे सागाच्या रानाने वेढलेले डोंगर. रेणुकामातेच्या दर्शनाला पायी किंवा बैलगाडीने निघणारे पूर्वीचे यात्रेकरू जथ्याने जात. रानवाटेचे भय त्यांना एकत्र आणी. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी वाटही अशीच आडरानातली होती. परंतु येशूच्या दाखल्यात तिथून जाणारे सारे एकेकटे आहेत.

याजक आणि लेवी निर्दय होते, असे आपण प्रवचनांतून ऐकत आलो आहोत. मला ते भ्यालेले वाटतात. पडलेला मनुष्य मृत असेल तर विटाळ, जिवंत असेल तर लुटारू जवळपासच दबा धरून बसलेले! भीतीपाशी नेहमीच सबळ कारण असते, म्हणून ती शहाणपणासारखी दिसते.

पण भीती केवळ मदत करणाऱ्याच्याच वाट्याला येते काय? याच मराठवाड्यात, लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात, 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणेशविसर्जन झाले होते. गावे थकून झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या रुंद भिंतींखाली आणि माळवदांखाली गाडली गेली. ज्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या ऊनपावसापासून जपले, त्यांनीच जीव घेतले. वाचलेल्यांना मग घराचेच भय वाटू लागले. पक्की घरे मिळाल्यावरही त्यांत धान्य ठेवून स्वतः पत्र्याच्या शेडमध्ये निजणारी कुटुंबे होती. बाहेरच्याला हा अडाणीपणा वाटला असेल. पण छत कोसळताना ज्याने ऐकले आहे, त्याला छताची हमी कोणत्या शब्दांत द्यावी?

मदत आली, अपार आली. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरे वाटली गेली आणि प्रत्येक गटाची घरे वेगळ्या भागात उभी राहिली. रुंद रस्ते झाले, आखीव ओळी झाल्या. मात्र जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लावून राहणारा शेजार पांगला. ओसरीवरून हाक मारली की ओ देणारे माणूस आता दूरच्या ओळीत गेले. घर मिळाले आणि एकटेपणही मिळाले. यात कुणाची दुष्टबुद्धी नव्हती. घाईच्या करुणेला शेजार मोजता येत नाही, इतकेच.

शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, तेवढे आपल्याला पाठ असते. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले आणि, अधिक खर्च झाला तर परत येताना भरीन, असे सांगितले. पहिल्या दिवशीच्या दयेला धैर्य लागले. या वचनाला पुन्हा त्याच वाटेने येणे लागते. तो परत आला की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही.

1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी संत विन्सेंट द पॉल यांच्या नावाने जे मंडळ उभारले, त्याचा मूळ नेम दान वाटण्याचा नव्हता, गरिबाच्या घरी जाण्याचा होता. तोही एकट्याने नव्हे, सोबतीने आणि पुन्हापुन्हा. आपल्या अनेक धर्मग्रामांत हे मंडळ आहे. नाताळात त्याच्या पेटीत आपण पैसे टाकतो. पुढच्या आठवड्यात त्या घरी जाणाऱ्या सभासदाला सोबतीला कुणी हवे असते.