बापाच्या डोळ्यांतलं पाणी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो,

गुरुचरित्राच्या सप्ताहात ३०वा अध्याय लागला की ऐकणाऱ्यांत कुणाचा तरी कंठ दाटतोच. माहूरच्या गोपीनाथाची मुले जगत नव्हती. दत्तप्रभूंची आराधना केली, तेव्हा एक मुलगा राहिला. त्याचे नावच दत्त ठेवले. ऐन तारुण्यात तो क्षयाने खंगला. सून सावित्री त्याला गाणगापुरास घेऊन निघाली, तेव्हा आईबरोबर बापही शोक करतो. पुढे ३२व्या अध्यायात श्रीगुरू त्या मुलाला उठवतात. पण आपल्या घरातून गेलेलं माणूस असं उठून येत नाही. मग आपल्या घरच्या गोपीनाथाने काय करावं?

आपल्याकडे दंडकच आहे, पुरुषाने रडायचं नाही. त्यात शहाणी माणसं भर घालतात, "आत्मा अमर आहे, शोक कशाला करता?"

याचं उत्तर आळंदीला आहे. शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी. आईवडील गेल्यावर निवृत्तीनाथच धाकट्या भावंडांचे मायबाप झाले होते. शिवाय ज्ञानोबांचे ते सद्गुरू. शिष्याला आत्मज्ञान देणाऱ्याला देह नाशवंत आहे हे का ठाऊक नव्हतं? तरीही नामदेवरायांच्या समाधीच्या अभंगांत निवृत्तीनाथांचा शोक आवरत नाही. आपल्या शेजारच्या आळ्याला, जिथे रेड्याची समाधी आहे, तिथे हीच भावंडं एकत्र आली होती, अशी परंपरा सांगते. ज्याला बोट धरून गावोगाव नेलं, त्याचा वियोग ज्ञान्यालाही झाला.

हे मला पोथीच्याही आधी आमच्या निरगुडसरच्या गोठ्यात कळलं. आमचे अण्णा म्हणजे करडा माणूस. बैलगाड्याच्या घाटात त्यांनी हाळी दिली की जुंपलेले बैल कान टवकारायचे. माझा धाकटा भाऊ आजारपणात गेला. अण्णांनी अग्नी दिला, सावडणं केलं, दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेपर्यंत हात जोडून ताठ उभे राहिले. प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली. लोक म्हणाले, "काळीज दगडाचं केलंय."

पाहुणे पांगले. दिवस मावळताना अण्णा गोठ्यात गेले आणि रोजच्या सवयीने हाक मारली, "धाकल्या, वैरण टाकली का रे?"

हाक गेली, ओ आली नाही. अण्णा गव्हाणीला टेकून मटकन खाली बसले आणि उपरणं तोंडाशी धरून लहान पोरासारखे रडले. चुलते समजूत काढायला पुढे झाले. आईने त्यांना थांबवलं. म्हणाली, "रडू द्या त्यांना. दहा दिवस त्यांनी आपल्याला धरलं, आता आपण त्यांना धरायचं." मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. काही बोललो नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या रात्री अण्णांनी दहा दिवसांत पहिल्यांदा धाकट्याचं नाव घेतलं आणि पोटभर बोलले. पुढच्या गुरुवारी आरतीला स्वतःहून आले.

भक्तहो, दत्त म्हणजे दिलेला. अत्रिऋषींना देवाने स्वतःलाच देऊन टाकलं. आपली लेकरं, आपली माणसं हीसुद्धा दिलेलीच. ती आपल्या मालकीची नाहीत. पण दिलेल्यावर जीव लावू नका, असं दत्तप्रभू कुठं म्हणतात? जीव लावला म्हणून डोळे भरतात. ते पाणी म्हणजे भक्तीतली उणीव नव्हे. ज्ञान अश्रूंना बंदी करत नाही. अश्रू वाहून गेल्यावर माणसाला पुन्हा उभं करतं.

कार्तिकीला आळंदीहून परतलो की सतरा-अठरा दिवसांत मार्गशीर्ष पौर्णिमा येते, दत्तजन्माचा पाळणा हलतो. यंदाही एखाद्या घरी जागा रिकामी असेल. तिथला कर्ता माणूस पाळण्याच्या वेळी मागे खांबाशी उभा दिसला, तर त्याला ज्ञान सांगू नका. नुसतं शेजारी उभं राहा. त्याचे डोळे भरले तर भरू द्या. ज्या देवाने दिलं, त्याच्यापुढे रडायला लाज कसली?

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥