भिंत नाही, पटल आहे

सावकाश वाचा. मध्येच थांबलात तरी चालेल.

मनानेच बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरच्या शिवारात या. केळीच्या बागेला लागून वांग्याचा वाफा आहे. त्यातल्या एका झाडाची पानं बारीक, पिवळट, गुच्छासारखी दाटलेली, आणि फळ धरत नाही. हा पर्णगुच्छ रोग. तुडतुडे तो पसरवतात. असे रोग विषाणूंचे मानले जात. 1967 साली जपानमध्ये दोई आणि सहकाऱ्यांना रोगट झाडांच्या अन्नवाहिन्यांत भिंत नसलेले जिवाणू दिसले. आज आपण त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतो.

आता त्या जिवाच्या सीमेवर लक्ष ठेवा. पेनिसिलिन पेशीभित्तिकेचं बांधकाम अडवतं. इथे बांधकामच नाही, म्हणून ते निकामी. आत आणि बाहेर यांच्यामध्ये फक्त मेदाचं पातळ पटल. हा मेद कुठून येतो?

बहुतेक जिवाणू तो स्वतः घडवतात. त्यात एक लहानसं प्रथिन राबतं, असिल कॅरियर प्रोटीन. ई. कोलायमध्ये ते जेमतेम 77 अमिनो आम्लांचं. ब-5 जीवनसत्त्वापासून बनलेला एक लवचीक हात त्याला असतो. त्या हातात अर्धवट मेदाम्ल धरून ते एका एन्झाइमकडून दुसऱ्याकडे फिरतं, बुऱ्हाणपूरच्या मागावरच्या धोट्यासारखं. दर फेरीला दोन कार्बन वाढतात. सुरुवातीला दोन, मग सात फेऱ्या, की 16 कार्बनचं पामिटिक आम्ल तयार. घाई नको, सातही फेऱ्या मनात होऊ द्या.

फायटोप्लाझ्माकडे ही साखळी उरलेली नाही. त्याच्या नात्यातलं, 1936 साली लंडनच्या सांडपाण्यात सापडलेलं अकोलिप्लाझ्मा मात्र संपृक्त मेदाम्लं अजून स्वतः बनवतं. माणसाच्या अंगात राहणाऱ्या मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियमची गोष्ट मला सगळ्यांत विचार करायला लावते. सुमारे 5,80,000 अक्षरांचा त्याचा जनुकसंच 1995 मध्ये वाचला गेला. मेदाम्लं तो बाहेरून घेतो, तरी त्या वाहक प्रथिनाचं जनुक त्याने जपलं आहे. माग मोडला, धोटा ठेवला. बहुधा कारण असं, की आयता मेदही पटलात बसवावा लागतोच.

याला आळस म्हणू नये. भरल्या घरात राहणाऱ्याने चूल मोडली, एवढंच. किंमत मात्र मोठी: झाडाबाहेर, प्रयोगशाळेत फायटोप्लाझ्मा वाढवणं आजही फार अवघड आहे.

आता वांग्याच्या वाफ्याकडे परत. रोगट झाड बरं होत नाही. ते दिसताच उपटून नष्ट करा, आणि बंदोबस्त तुडतुड्यांचा करा.