बेअरिंगचं घर

माझ्या कटर मशीनचं आर्मेचर जळलं. एवढंच असतं तर विचार करायला काही नव्हतं. नगरला वाइंडिंगवाल्याकडे टाकायचं, नवी तांब्याची तार, वरून वार्निश, जोडीला कार्बन ब्रश, की मशीन पुन्हा कामावर. पण त्याने मशीन खोललं आणि पात्याचा दांडा बोटाने हलवून दाखवला. बेअरिंग ज्यात बसतं ते घरच घासून सैल झालं होतं. बेअरिंग बदलता येतं. ॲल्युमिनियमच्या बॉडीतलं घर बदलायचं म्हणजे बॉडीच बदलायची. "लेथवर बुश मारून देतो. चालेल दहा वर्षं," तो म्हणाला. खर्च नव्याच्या निम्म्याजवळ. आणि मशीन साधं नव्हे, एका अख्ख्या बंगल्याच्या दारं-खिडक्यांचे पैसे त्यात गेलेले.

घरी पुतण्याचा निकाल तयार होता. "आण्णा, टाका आता ते. गीतेतच सांगितलंय, जुनं वस्त्र टाकून नवं घ्यायचं."

हा दृष्टान्त आमच्याकडे दहाव्याच्या प्रवचनात हमखास येतो. पण तिथे वस्त्र टाकणारा कोण हे आधी ठरलेलं आहे. तो आत्मा, मरत नाही म्हणून त्याला वस्त्र टाकणं परवडतं. मशीनच्या आत असं कोण बसलंय? शिवाय आमच्या घरात जुनं लुगडं कुणी टाकत नाही, त्याची वाकळ होते.

नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला रथावरून असंच पेचात धरलं होतं. आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला, आणि शेवटी रथ हे नुसतं नाव उरलं. हा प्रश्न राजाला विचारला तिथेच गडबड झाली असं मला वाटतं. राजा रथात बसणारा. रथ करणारा सुतार बाहेरच राहिला. त्याने सांगितलं असतं, आरे बदला, धाव बदला, जू तर दर दोन-चार वर्षांनी बदलाच. पण तुंब्याचं भोक फाकलं की बाकी सगळं नवं असूनही चाक लटपटतं. रथात रथपण नसेलही, भिक्षूशी माझा वाद नाही. पण सगळे भाग सारखे नसतात. काही झिजण्यासाठीच असतात, काहींच्या भरवशावर इतरांनी झिजायचं असतं.

धर्माने दुरुस्ती आणि बदल दोन्ही केलंय. पंढरपूरला विठ्ठलाच्या मूर्तीची झीज दिसली की वज्रलेप होतो, मूर्ती तीच राहते. जगन्नाथपुरीला उलट. अधिक आषाढ येतो अशा ठरावीक वर्षी, अलीकडे 1996 आणि 2015 साली, निंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडल्या. दैतापती सेवक डोळ्यांना पट्टी बांधून जुन्यातला ब्रह्मपदार्थ नव्यात ठेवतात आणि जुन्या मूर्ती पुरतात. तिथले रथ तर दर वर्षी नवे. यात कुणाची भक्ती उणी-अधिक नाही. दगडाला लेप पुरतो, लाकूड आतून जातं. देव तोच ठेवायचा तर काय बदलावं हे माल बघून ठरलंय, आणि हे मला फार सुताराचं वाटतं.

मी हिवरे बाजारचा म्हटलं की पाहुणे धरूनच चालतात की मी दुरुस्तीचा कैवारी असणार. कुऱ्हाडबंदीच्या गावातला सुतार! (लाकूड मी नगरच्या वखारीतून आणतो, हे सांगितलं की थोडे हिरमुसतात.) गाव दुरुस्त झालं हे खरंच. पाऊस जेमतेम, चारशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. माणसं पुण्या-मुंबईला निघून गेलेली. 1990च्या आसपास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर श्रमदान, चराईबंदी, डोंगरावर समतल चर, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, आणि पाऊस मोजून त्यावर पिकं ठरवायची. गेलेली कुटुंबं परत आली. पण हे जमलं कारण डोंगराचा उतार आणि ओढ्यांची वाट जागेवर होती. माती वाहून गेली होती, तरी पाणी अडवल्यावर ते मुरायला जागा होती. आणि सगळ्यांत अवघड भाग बदलावाच लागला: उपसायची सवय. ती कुणी रिवाइंड केली नाही.

माझ्या मशीनची जागाच हललीय. पातं मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेतं. केसभर हेलकावा असला तरी सागाच्या फळीत अडकून मशीन उसळतं. वाइंडिंगवाला खोटं बोलत नव्हता. बुश बहुधा टिकलाही असता. मी एकटा चालवणारा असतो तर मारूनही घेतला असता. जुन्याची माया, पैशाची बचत, वर अपरिग्रहाचं समाधान. पण हल्ली कटर पुतण्या धरतो. माझा अपरिग्रह त्याच्या बोटांवर उभा करायचा, तर त्याला चिक्कूपणा म्हणतात.

त्याला मात्र हे कारण मी सांगितलेलं नाही. गीतेवरून जिंकलो असंच तो धरून चाललाय, आणि नव्या मशीनच्या किमती विचारत फिरतोय. जुन्याची मोटर भरून घ्यायला टाकलीय. धार लावायच्या दगडाला ती जोडायचीय. तिथे फेरे कमी करून घेता येतील आणि दगडाशी मीच बसतो.